चर्चमधला प्रोजेक्टर, गीतांच्या फायली आणि मुक्त सॉफ्टवेअर (कोल्हापूर)

शाहूपुरीकर

नमस्कार आणि जय ख्रिस्त.

कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी या पट्ट्यातल्या बऱ्याच मंडळ्यांत रविवारच्या उपासनेला आता प्रोजेक्टर नाहीतर मोठा टीव्ही लागतो. गीतं, शास्त्रपाठ, सूचना, वाढदिवस, सगळं पडद्यावर. आणि हे सगळं चालवणारा तरुण संघातला एखादाच मुलगा असतो. इंजिनिअरिंग संपलं की तो हिंजवडीला जातो. त्याच्याबरोबर पासवर्ड जातो, लायसन्सचा ईमेल जातो, आणि गीतांची ती एक भलीमोठी फाइल उघडायची कशी हेही त्याच्याबरोबरच जातं. मग नवा मुलगा पहिल्यापासून टायपायला बसतो. एकाच शहरातल्या तीन मंडळ्यांत तीच तीनशे गीतं तीन जणांनी टाइप केलेली मला माहीत आहेत.

दुसरी गोष्ट उपासनेनंतरच्या चहाला सगळे बोलतात, पण पंचकमिटीच्या मिटिंगमध्ये कुणी काढत नाही. ते सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी क्रॅक केलेलं असतं. दहा आज्ञा ज्या पडद्यावर वाचतो, तो पडदाच 'चोरी करू नको' या आठव्या आज्ञेच्या उलट चाललाय!

आमच्या मंडळीत आम्ही ओपनएलपी लावलं. पडद्यावर गीतं दाखवायला खास चर्चसाठीच लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कुणीही वापरावं, वाटावं, बदलावं असं. पायथॉनमधलं, जीपीएल नावाच्या मुक्त परवान्याचं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. ऑफिसातला पीसी विंडोज ११ घेत नव्हता, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. नवा पीसी घ्यायचा विषय नाताळच्या बजेटमधून निघाला.

पण 'फुकट आहे म्हणून घ्या' असं मला म्हणायचं नाही. पैसे वाचले हे खरं, तरी मुद्दा तो नाही. मुद्दा असा की गीतं एका साध्या डेटाबेस फाइलमध्ये राहतात आणि ओपनलिरिक्स नावाच्या खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येतात. उद्या हे सॉफ्टवेअर आवडलं नाही, मी कोल्हापूर सोडलं, पाळकसाहेबांची बदली झाली, तरी गीतं मंडळीचीच राहतात. परवानगी मागायला कुणाकडे जावं लागत नाही.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. विशेषतः 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली गीतं युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतील अशी) कुणी नीट टाइप केली असतील तर, आणि बाप्तिस्मा-लग्नाच्या रजिस्टरांचं काय केलंत तेही.

नाद_खुळा

भावा, आमच्यात अजून ओव्हरहेड प्रोजेक्टर आन् पारदर्शक प्लास्टिकचे कागद. व्हायरस येत न्हाई, क्रॅक लागत न्हाई. 😄

अक्षरजुळणी

माझा लक्ष्मीपुरीत डीटीपीचा व्यवसाय आहे. दोन-तीन मंडळ्यांची गीतपुस्तकं, लग्नपत्रिका, स्मरणपत्रिका माझ्याकडे होतात. त्यामुळे शाहूपुरीकरांच्या पहिल्या प्रश्नाचं दुखणं मला नेमकं ठाऊक आहे.

गीतं टाइप झालेली आहेत. प्रत्येक मंडळीच्या कुठल्यातरी सीडीत आहेत. पण ती पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. म्हणजे फॉन्ट काढला की 'प्रभू'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. कन्व्हर्टरने नव्वद टक्के काम होतं, उरलेलं डोळ्यांनीच करावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती बरोबर जागी आणावी लागते. रफार एक घर पुढे सरकतो. 'ख्रिस्त'मधला ख्रि तर हमखास मोडतो, आणि आपल्याकडे तोच शब्द पानापानावर.

त्यानंतर खरी गंमत सुरू होते. 'तारणाऱ्याचा' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि पुढे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण शोधायला गेलं की अर्धी गीतं सापडत नाहीत, आणि पाळकसाहेब वर उभे! तेच 'ऍ' आणि 'ॲ'चं. दुसरा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फायलींत पहिलाच असतो. लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मुक्त सॉफ्टवेअर) सगळी फाइल घेऊन एकदा 'शोधा आणि बदला' चालवा, एकच तऱ्हा ठेवा, मगच ओपनएलपीत भरा. नंतर दुरुस्त करायला बसाल तर वैताग येईल.

आणि फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. काही फॉन्टांत हिंदी वळणाचे येतात. आजी लोक लगेच विचारतात, "हे कुठलं अक्षर?"

शाहूपुरीकर

अक्षरजुळणी ताई, या प्रतिसादाची प्रिंट काढून ऑफिसात लावतो. न दिसणाऱ्या जोडकामुळेच आमची गीतं शोधात सापडत नव्हती, हे आत्ता कळलं. फॉन्ट कुठला वापरता?

अक्षरजुळणी

पडद्यासाठी मुक्ता किंवा बलू, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे. जाडसर आहेत, मागच्या बाकावरून वाचता येतात. छापायचं असेल तर तिरो देवनागरी मराठी, त्यात ल-श आपल्या वळणाचे आहेत. सगळे मोफत आणि मुक्त परवान्याचे.

वसईचा_वारा

त्या फॉन्टांच्या परवान्याची गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. मुक्ता, बलू, नोटो, तिरो, हे सगळे 'ओपन फॉन्ट लायसन्स' खाली आहेत. तो परवाना एसआयएल इंटरनॅशनलने तयार केला. २००७ साली त्याची १.१ ही आवृत्ती आली, तीच आजही चालते. एसआयएल म्हणजे बायबल भाषांतराशी जोडलेली ख्रिस्ती भाषाशास्त्री संस्था. ज्या भाषांना छापायला अक्षरंच नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी फॉन्ट बनवले, आणि ते वाटता यावेत, बदलता यावेत म्हणून परवाना लिहिला. आज मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटींपासून सत्यनारायणाच्या पूजेच्या पत्रिकेपर्यंत लोक त्याच परवान्याचे फॉन्ट वापरतात. कीमन हा कीबोर्डही आता त्यांचाच, तोही मुक्त.

तेव्हा 'चर्चने मुक्त सॉफ्टवेअर वापरावं का' हा प्रश्न मला जरा उलटा वाटतो. चर्चच्या माणसांनी ते आधीच भरपूर दिलेलं आहे. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९८७ मध्ये काढणारे लॅरी वॉल हे श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि मुळात भाषाशास्त्र शिकले ते बायबल भाषांतराच्या कामाला जायचं म्हणून.

आणि अक्षरं नसल्याची अडचण आपल्यालाही नवी नाही. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठीत छापलं ते रोमन लिपीत, कारण गोव्यातल्या छापखान्यात देवनागरी खिळेच नव्हते.

मिरजेची_तार

मी पेटी वाजवतो, कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही. पण पडद्यावाल्यांशी माझं दर रविवारी भांडण होतं, म्हणून लिहितो.

ही सॉफ्टवेअरं इंग्रजी गाण्यांच्या हिशोबाने केलेली असतात. कडवं, कोरस, कडवं, कोरस, संपलं. आपलं भजन तसं चालत नाही. ध्रुवपदाची पहिली ओळ गाणारा दोनदा म्हणतो, मंडळी दोनदा म्हणते, मग कडव्याच्या शेवटच्या अर्ध्या ओळीवर तबलजीला रंग चढला की तीच ओळ चार वेळा. तोवर पडद्यावाला पुढच्या कडव्यावर पोचलेला असतो. लोक गोंधळतात, निम्मे हे म्हणतात, निम्मे ते.

यावर काही उपाय आहे का, की आम्हीच पडद्याप्रमाणे गायचं?

शाहूपुरीकर

अजिबात पडद्याप्रमाणे गायचं नाही, दादा.

आम्ही असं केलं. ओपनएलपीत प्रत्येक गीताला कडव्यांचा क्रम देता येतो, पण भजनांना तो द्यायचाच नाही. ध्रुवपद एकदाच भरायचं आणि चालवणाऱ्याने बोटाने त्यावर उडी मारायची. लांब कडव्यात मध्ये ऐच्छिक तोड टाकता येते, चौकटी कंसातल्या तीन रेघा. मावलं तर एका पडद्यात, नाही मावलं तर तिथे तुटतं. त्यामुळे ओळीच्या मध्येच पान उलटत नाही.

आणि खरा उपाय म्हणजे चालवणाऱ्याला मागच्या कोपऱ्यातून उठवून तबलजीच्या शेजारी बसवा. ओपनएलपीला वेब रिमोट आहे. पीसी आणि मोबाइल एकाच वायफायवर असले की मोबाइलच्या ब्राउझरमधून पुढे-मागे करता येतं. इंटरनेट लागत नाही, नुसता राउटर पुरतो. आमच्याकडे आता वाजवणारा मान हलवतो आणि पडदा हलतो. गाणाऱ्यांसाठी वेगळा 'स्टेज व्ह्यू' पण आहे. जुना टॅब पेटीवर ठेवला की पुढची ओळ आधी दिसते.

आणखी एक. आपल्याकडे गीत नावाने नाही, नंबराने सांगतात. त्यात गीतपुस्तक आणि क्रमांक असे रकाने आहेत, ते भराच. पाळकसाहेबांनी नंबर म्हटला की तोच टाइप करायचा, स्पेलिंगचा प्रश्नच मिटला.

मिरजेची_तार

हे जमण्यासारखं आहे. टॅब पेटीवर नको मात्र, भात्याच्या हिसक्याने पडेल. स्टँड लावू.

नगरी_वडील

मी मंडळीतला वडील म्हणजे एल्डर, आणि वयानेही वडीलच. सगळ्यांचं वाचलं. माझी हरकत सॉफ्टवेअरला नाही, पडद्यालाच आहे. पूर्वी प्रत्येक घरातून गीतपुस्तक यायचं. बायका ते रुमालात बांधून आणायच्या. लहान पोरांना नंबर काढून द्यायचं काम असायचं, त्यातून ती वाचायला शिकली. आता मान वर करून सिनेमासारखं बघत बसतात, आणि वीज गेली की कुणाला दुसरं कडवं येत नाही. मुक्त असो की विकतचं, त्याने हे सुधारणार आहे का?

शाहूपुरीकर

सर, सुधारणार नाही. त्या बाबतीत तुमचं खरं आहे.

एवढंच म्हणतो की गीतं खुल्या फॉरमॅटमध्ये असली तर त्याच फाइलमधून पुस्तकही निघतं. आमच्या उपवासकाळाच्या गीतांची पुस्तिका तशीच निघाली. ओपनएलपीतून बाहेर काढली, लिब्रेऑफिसमध्ये मांडली, मोठ्या टायपात झेरॉक्स केली. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या गीतांची पुस्तिका काढायची तर पुन्हा टायपिंग.

नगरी_वडील

मोठ्या टायपातली एक प्रत पाठवा. बघू.

कलम_बावन्न

वकील आहे, म्हणून रंगाचा बेरंग करतो.

'गीतं सगळ्या मंडळ्यांना वाटू' हे म्हणायला सोपं आहे. सॉफ्टवेअर मुक्त म्हणजे त्यात भरलेलं गीतही मुक्त, असं नसतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, त्यांची गीतं कधीच मोकळी झाली. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. पण 'उपासना संगीत'मध्ये नंतरच्या कवींचीही गीतं आहेत, आणि तरुण संघ म्हणतो ती बहुतेक हयात लोकांची. चालीचा हक्क वेगळा, शब्दांचा वेगळा.

कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्याला, वाजवण्याला सूट आहे. म्हणजे उपासनेत गायलात तर बिनघोर गा. पण तीच गीतं फाइल करून वाटणं, पुस्तिका छापून विकणं, यूट्यूबवर चढवणं याला ती सूट आपोआप लागत नाही. परदेशातल्या मंडळ्या यासाठी सीसीएलआय या चर्चगीतांचे परवाने देणाऱ्या संस्थेचा परवाना घेतात. ओपनएलपीत प्रत्येक गीतापुढे तो नंबर लिहायचा रकाना आहे तो त्याचसाठी.

व्यवहारी सल्ला देतो. वाटायची यादी वेगळी करा. टिळक आणि त्या पिढीची आधी. बाकीच्यांसाठी कवीला किंवा घरच्यांना चिठ्ठी लिहा. आपल्या समाजात नव्वद टक्के लोक आनंदाने 'हो' म्हणतील, पण ते 'हो' कागदावर घ्या.

नाद_खुळा

वकीलसाहेब, लई भारी. आमच्या प्लास्टिकच्या कागदांना पण हे लागू हाय काय?

कलम_बावन्न

लागू आहे. पण कुणी बघायला येणार नाही. 🙂

वसईचा_वारा

शास्त्रपाठाचंही तेच. आपण जे छापील पवित्र शास्त्र वाचतो त्याचे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत, अख्खं टेक्स्ट उचलून टाकता येत नाही. मराठीत 'इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन' मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मिळतं. श्रेय द्यायचं, आणि बदल केला तर तोही त्याच परवान्यावर वाटायचा. ओपनएलपी बायबल ओसिस आणि झेफानिया फॉरमॅटमधून आत घेतं. मोबाइलवर वाचायला अँडबायबल आहे, तेही मुक्त, जाहिराती नाहीत.

आम्हा कॅथलिकांची मात्र यात पंचाईत. त्या भाषांतरात ६६ पुस्तकं, आमच्या बायबलमध्ये ७३. तोबित, मक्काबी वगैरेंतला पाठ ज्या दिवशी असतो त्या दिवशी टाइप करावाच लागतो. शिवाय आमचे पाठ वर्षाच्या ठरलेल्या चक्राने येतात. त्यासाठी मराठीत असं मुक्त काही मला अजून मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर सांगा, वसईची अख्खी पोरं कामाला लावतो.

नगरी_वडील

पण त्या नव्या भाषांतराची भाषा आमच्या कानांना बसत नाही. पाठ म्हणून तोंडात बसलेलं वचन पडद्यावर वेगळं दिसलं की माणूस थांबतो.

वसईचा_वारा

मान्य सर. म्हणून पडद्यावर फक्त संदर्भ टाकायचा, अध्याय आणि ओवी. वाचायचं पुस्तकातूनच. तुमची पहिली हरकतही थोडी निघते.

खजिनदारीण

रजिस्टरांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

शाहूपुरीत राहणाऱ्यांना २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सांगायला नको. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा मला पहिली आठवण लोखंडी कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांची झाली, खालच्या कप्प्यात होती म्हणून. लग्न ठरलं, अल्पसंख्याक शाळेत प्रवेश हवा, की लोक दाखला मागायला येतात. लग्नाचं रजिस्टर तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने ठेवावंच लागतं. मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तिथपासून मिशनचा काळ, आणि १९७० नंतर सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. एवढ्या काळात कारकून बदलले, शाई बदलली, वह्यांचे रकाने बदलले.

आम्ही दोन कामं केली. एक, सगळी पानं स्कॅन. नॅप्स२ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, साध्या स्कॅनरवर चालतं, थेट पीडीएफ करतं. हस्ताक्षर ओळखायच्या नादाला लागलो नाही. टेसरॅक्ट हे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर छापील मराठी बरं वाचतं, पण १९४० सालच्या कारकुनाची लपेट त्याच्या बापालाही कळणार नाही. दोन, नाव, वडिलांचं नाव, तारीख, पान नंबर एवढंच लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये. शोधायला तेवढं पुरतं, सापडलं की मूळ पान उघडायचं.

काही जण चर्चसीआरएम सुचवतील. चांगलं आहे, मुक्त आहे, कुटुंबं, देणग्या, संडे स्कूल सगळं त्यात आहे. पण त्याला सर्व्हर हवा, आणि तो सांभाळणारा माणूस हवा, म्हणजे पुन्हा तोच हिंजवडीचा मुलगा. दीडशे कुटुंबांच्या मंडळीला एक नीट ठेवलेली कॅल्कची फाइल बास. हिशोबाला ग्नूकॅश बघितलं, पण आमचे सीए टॅलीतच मागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट वेळेत जायला हवं, तिथे मी हट्ट केला नाही.

एक गोष्ट मात्र पंचकमिटीत भांडून मंजूर करून घेतली. सभासद यादी कुणाच्याही वैयक्तिक क्लाउड खात्यात जाणार नाही. कोण कुठल्या घरातला, बाप्तिस्मा कधी झाला, आजच्या दिवसांत ही यादी कुणाच्या हाती लागावी हे मला ठरवायचंय, एखाद्या मोफत ॲपला नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आलाय. दोन एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह, एक पाळकसाहेबांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर पहिल्या मजल्यावर आहे, विचारून घेतलं.

कलम_बावन्न

पासवर्ड कुणाकडे?

खजिनदारीण

बंद पाकिटात, सेक्रेटरी आणि माझ्या सहीने, दाननिधीच्या तिजोरीत. दर वर्षी निवडणूक झाली की नवं पाकीट.

शाहूपुरीकर

ताई, पाकिटाची पद्धत आम्ही उचलतोय.

आतापर्यंतच्या चर्चेवरून पुढचं काम असं ठरवलंय. टिळकांची आणि हक्क संपलेली गीतं आधी. अक्षरजुळणी ताईंची 'एकच तऱ्हा' पाळून, ओपनलिरिक्समध्ये, प्रत्येक गीताला पुस्तकाचा क्रमांक. ज्यांच्याकडे जुन्या सीडी असतील त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फॉन्टचं नाव माहीत असेल तर तेही लिहा. पडद्यासाठीच फ्रीशो हे दुसरं सॉफ्टवेअर कुणी वापरत असेल तर त्यात मराठी शोध कसा चालतो तेही सांगा. तेही मुक्त आहे, दिसायला जास्त देखणं आहे, आमच्या तरुण संघाला तेच हवंय.

अक्षरजुळणी

सीडी माझ्याकडे पाठवा, ड्राइव्ह अजून चालू आहे. रूपांतर मी करते, पैसे नकोत. प्रूफ मात्र मंडळीतल्या कुणीतरी जाणत्याने वाचायचं. नगरी वडील सरांना वेळ आहे का?

नगरी_वडील

वेळच वेळ आहे. कागदावर पाठवा, पडद्यावर मी वाचत नाही.